एक तासाचा मंगळ

पापनाशमच्या प्रद्युम्नशी हरिणीचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात वेबसाइटवर काढलेल्या पत्रिकेत तिला कडक मंगळ निघाला आणि त्याच्या आईने फोनवर नकार कळवला. तंजावरला हरिणीच्या घरात आठवडाभर कुणी नीट जेवलं नाही.

रविवारी प्रद्युम्न आईला घेऊन दारात उभा.

"तुमचा जन्म शिकागोचा, जुलैमधला ना?" त्याने हरिणीला विचारलं. "तिथे उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात. वेबसाइटने तो तास वजाच केला नव्हता. मी वेळ सुधारून पुन्हा पत्रिका काढली. मंगळ नाहीच!"

"मी घाईने बोलून गेले. मनात ठेवू नका," त्याची आई म्हणाली.

हरिणीची आई, कृष्णवेणी, मटकन खुर्चीत बसली आणि हसता हसता रडू लागली. मग डोळे पुसून पाहुणीला हाताला धरून कॉफी करायला आत घेऊन गेली.

दोघंच उरल्यावर हरिणीने हळूच विचारलं, "आणि वेळ बदलूनही मंगळ निघाला असता तर?"

"तर आज मी एकटा आलो असतो."