बैठकीतलं धुरांडं

लग्न होऊन लीड्सच्या त्या घरात आल्यापासून बैठकीच्या खोलीतलं जुन्या शेकोटीचं विटांचं धुरांडं ग्लेनिसच्या डोळ्यांत खुपत होतं. भिंतीतून पोट काढून बसलेल्या त्या विटांवरच्या फळीवर रॉयच्या पहिल्या, वारलेल्या बायकोचा, मॉरीनचा फोटो होता. ग्लेनिसने तो लगेच कपाटात घातला, पण फळीकडे नजर गेली की तिला मॉरीनच दिसायची.

शेवटी एकदा ती रॉयला म्हणाली, "या घरात एक तर ते धुरांडं राहील, नाहीतर मी!"

रॉयने वाद घातला नाही. इंजिनिअर येऊन बजावून गेला, "वरच्या मजल्याचं आणि छपरावरचं धुरांडं याच विटांवर उभं आहे. आधी त्याला आधार द्या." मग टेकू लागले, वरचा सगळा भार पेलायला लोखंडी गर्डर बसला आणि त्यानंतरच गवंड्याने हातोडा उचलला. विटा बाहेर जात होत्या तसतशी दारात उभी राहिलेली ग्लेनिस मनातल्या मनात मॉरीनची पाठवणी करत होती.

रंग वाळला. खोली केवढी तरी मोठी दिसू लागली. चहाचा मग हातात धरून रॉय त्या सपाट भिंतीकडे बघतच राहिला. त्याचे डोळे भरून आले.

"आवडलं ना?" ग्लेनिसने लाडात येऊन विचारलं.



"मॉरीन असती तर आज नाचली असती गं! 'काढून टाक ते धुरांडं' म्हणून जन्मभर माझ्या मागे लागली होती बिचारी."