नऊ मिनिटं

तो हौसेने सांभाळायचा त्या, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेल्या ओपन-सोर्स कंपायलर सॉफ्टवेअरमध्ये कोडची एक ओळ जरी बदलली, तरी आधीचं काही मोडलं नाही ना, हे बघायला सगळ्या जुन्या चाचण्या पुन्हा चालवाव्या लागायच्या. त्यात चार तास जायचे. तेवढा वेळ त्याला चैन पडायची नाही. मग शेजारच्या खोलीत, अंथरुणाला खिळलेल्या आईपाशी बसून तो मशीनच्या नावाने बोटं मोडायचा.

दोन महिने डोकं लढवून त्याने ते काम नऊ मिनिटांवर आणलं. जगभरच्या सोबत्यांनी पाठ थोपटली. आता एक बदल तपासून होतो न होतो, तोच तो पुढचा हातात घ्यायचा.



चौथ्या दिवशी आईने विचारलं, "मशीन बिघडलंय का रे तुझं? हल्ली ताट ठेवून लगेच पळतोस. दुरुस्त करून घे बाबा लवकर."