वहाबच्या नावाचं गाणं

“अब्बा, त्याचं उत्तर आलं!” नूरैन मोबाईल नाचवत आली. “ही वॉन्ट्स टू मीट यू. शुक्रवारी, खोबरला!”

वहाबचा घास हातातच राहिला. “कुणाचं उत्तर?”

“मार्टेनचं. मीच त्याच्या गाण्याच्या व्हिडिओखाली लिहिलं होतं, माय फादर इज वहाब म्हणून.”

मैमुनाने नवऱ्याकडे पाहिलं. त्या गाण्याचा विषय निघाला की हा माणूस ताटावरून उठायचा, हे तिला ठाऊक होतं. का उठतो, ते मात्र त्याने कधी सांगितलं नव्हतं.

गाणं डच भाषेत होतं. हॉलंडमध्ये म्हणे लग्नांत, फुटबॉलच्या मैदानांत लोक गळे ताणून ते गात. वहाबला त्यातला एकच शब्द कळायचा. त्याचं स्वतःचं नाव. धृपदात ते पुन्हा पुन्हा यायचं.

“मी भाषांतर वाचलंय, सांगते ना त्यात काय आहे,” नूरैन म्हणाली.

“एक अक्षर बोलायचं नाही!”

त्यात काय असणार, हे त्याला न सांगताच कळत होतं.

बऱ्याच वर्षांपूर्वी मार्टेन सौदीत रास अल खैरला, वहाबच्या कंपनीत कामाला आला, तेव्हा तो गायक होता हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. तरुणपणी त्याने दोन आल्बम काढले होते. एक गाणं रेडिओवर गाजलंही होतं. पुढे रेकॉर्ड कंपनीवाले म्हणाले, इंग्रजीत गा, जग ऐकेल. तो म्हणाला, मला स्वप्नं डचमध्ये पडतात. मग रेडिओ थांबला, बायको सोडून गेली, आणि त्याने बापाचं पंप दुरुस्तीचं काम हातात घेतलं. ते काम त्याला वाळवंटात घेऊन आलं. वर्कशॉपमध्ये तो मोठ्याने गायचा. जेवायला मात्र वहाबजवळ येऊन बसायचा. मैमुनाने रत्नागिरीहून पाठवलेलं सुकटीचं लोणचं त्याला फार आवडायचं.

त्याच सुमाराला निताकतचा नियम आला. सौदी तरुणांना जागा द्यायच्या होत्या, आणि वर्कशॉपमधला एक परदेशी माणूस कमी होणार होता. सगळे तोंड मिटून काम करत होते. अशात एका दुपारी मोठा पंप जळाला. त्याला थंड ठेवणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंदच राहिला होता. तो उघडायचं काम वहाबचं होतं. नमाजाहून परतताना घरून फोन आला, बोलता बोलता विसरला.

मॅनेजर उसामाने त्याला केबिनमध्ये बोलावलं. “पंपावर कोण होतं?”

वहाबच्या डोळ्यांसमोर मैमुना आली, पाळण्यातून नुकती उतरलेली नूरैन आली.

“मार्टेन,” तो म्हणाला. “गात होता. कामात त्याचं लक्षच नसतं.”

त्याच आठवड्यात मार्टेनला घरी पाठवलं. निघताना त्याने वहाबला मिठी मारली. ती मिठी वहाबला पुढे कित्येक वर्षं टोचत राहिली. नोकरी टिकली, बायकोपोर जवळच्या जुबैल शहरात राहायला आली, पोरगी शाळेत जाऊ लागली. दर शुक्रवारी दुवा मागताना मात्र ओठांवर मार्टेनचंच नाव यायचं.

आता वहाबची स्वतःचीच जागा एका सौदी मुलाला दिली होती. महिन्याभरात फायनल एक्झिट, कायमचं रत्नागिरीला परत. माफी मागायची तर हीच वेळ होती.

“जाऊ या,” तो म्हणाला.

खोबरच्या एका परदेशी लोकांच्या कॉलनीत डच इंजिनियरांचं संमेलन होतं, आणि त्यात मार्टेनचं गाणं. हिरवळीवर खुर्च्या, छोटं स्टेज, चारी बाजूंनी कॅमेरे. मार्टेनचे केस पांढरे झाले होते, पण आवाज तोच. वहाब सगळ्यात मागे, मैमुनाच्या आड बसला. गाणं संपल्यावर गाठायचं, हात धरून माफी मागायची आणि निघायचं, असं त्याने ठरवलं होतं.

मार्टेन मध्येच थांबला. इंग्रजीत म्हणाला, “आज तो इथे आहे. वहाब, वर ये.”

लोक वळून बघू लागले. नूरैनने बापाला अक्षरशः ढकललं. वहाब स्टेजकडे निघाला. आता हा सगळ्यांसमोर सांगणार. सांगू दे. बायकोपोरीच्या देखत सांगू दे. तेवढी सजा व्हायलाच हवी.

मार्टेनने त्याच्या खांद्यावर हात टाकला. “मला काढून टाकलं तेव्हा सगळे गप्प होते. हा एकटा माणूस मॅनेजरसमोर उभा राहिला आणि माझ्यासाठी भांडला. गाणं ह्याचं आहे.”

हिरवळ टाळ्यांनी भरून गेली. लोक उभे राहिले. कुणी ‘वहाब, वहाब’ अशी सुरुवात केली आणि सगळ्यांनी धृपद धरलं. मैमुना पदराने डोळे पुसत होती. नूरैन खुर्चीवर चढून मोबाईलवर बापाचा व्हिडिओ घेत होती.

ही सजा वहाबने कल्पनेतही आणली नव्हती. तो मार्टेनच्या कानाशी झुकला.

“व्हॉल्व्ह मी विसरलो होतो. तुझं नाव मीच सांगितलं. मला माफ कर. ह्या लोकांना सांग.”

मार्टेनने लोकांकडे बघून हात हलवला. चेहऱ्यावरचं हसू जराही ढळलं नाही.

“माहीत आहे,” तो ओठ न हलवता म्हणाला. “उसामाने त्याच दिवशी सांगितलं होतं.”

“मग हे गाणं?”

“आधी मी खरं तेच लिहिलं होतं, वहाब. ते कुणी ऐकलंच नाही.”