अकरा वीस ते एक

आलेखावरची रेघ अकरा वाजून वीस मिनिटांनी वर चढत होती आणि एकच्या सुमाराला पुन्हा खाली येत होती. चढ तांदळाच्या दाण्याएवढा. पण रोजचा.

दीपमालाने फूटपट्टी ठेवून तो पुन्हा मोजला. हिंगोलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या या घड्याळाला काटे नव्हते. लोखंडी पेटीत, सतत एकाच उबेत ठेवलेला एक क्रिस्टल होता. त्याच्या ठोक्यावर गावातले सगळे फोन चालत. तो नांदेडच्या मोठ्या घड्याळाशी ताल जुळवून घेई, आणि त्यासाठी त्याला किती ओढावं लागलं ते कागदावर उमटे. नांदेडचे साहेब म्हणाले होते, क्रिस्टल बिघडला, काढून पाठवा. अहवाल आजच हवा होता.

"दुपारचंच बिघडते म्हणजे त्यालाबी भूक लागत असंल, म्याडम," टेक्निशियन शिवहार म्हणाला आणि आत गेला.

ती हसली नाही. एका मोजणीवर तिचा कधीच विश्वास बसत नसे. दिवाळीत शिवहारच्या आईने, कौशल्याबाईंनी, तिला नरसीला घरी बोलावून लेकासाठी सरळ विचारलं होतं. "विचार करून सांगते," असं ती म्हणाली होती. आता निम्मा वैशाख सरला. कौशल्याबाईंनी पुन्हा विचारलं नाही, शिवहारनेही नाही. तिच्यासाठी नरसीहून येणारा डबा मात्र एक दिवस चुकला नव्हता.

तिने कपाटातली आठ महिन्यांच्या आलेखांची भेंडोळी काढून जमिनीवर पसरली. रविवारी रेघ सपाट होती. आणि मार्चमधले सलग नऊ दिवस. तिने हजेरीचं रजिस्टर आणलं. त्या दिवसांत शिवहार कामावर होता. रजेवर होती ती स्वतः, बहिणीच्या लग्नासाठी.

अकरा वाजून अठरा मिनिटांनी ती घड्याळाच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. आत एसीचा गारठा होता. शिवहारने पिशवीतून एक डबा काढून टेबलावर ठेवला. दुसऱ्याच्या कडीला लाल दोरा होता. तो त्याने रुमालाने पुसला आणि अलगद घड्याळाच्या पेटीवर ठेवला, नेमका हवा जाण्याच्या जाळीवर.

लाल दोरा तिच्या डब्याचा.

"शिवहार, तिथं कशाला?"

तो दचकला. "एसीत भाकरी पार दगड होते, म्याडम. या खोलीत ऊब तेवढी इथंच."

"आणि तुमचा डबा?"

"आपलं काय, थंडबी चालते."

दीपमालाने डबा उचलला. मग तिथंच उभ्याने अहवाल लिहिला : क्रिस्टल निर्दोष. जाळी झाकली जाऊन पेटी तापत होती, यापुढे झाकली जाणार नाही. खाली सही केली.

शिवहारने लांबूनच वाचलं. "मंग तुमची भाकरी कशी गरम ऱ्हाईल?"

"थंड खाऊ. दोघंही." तिने पेनाला टोपण लावलं. "आणि आईंना सांगा, दिवाळीपासून त्यांचं उत्तर राहिलंय. माझं हो आहे."