पहाटेचं पान

अभिमन्यूनं ज्वारीचं पान दोन बोटांत धरलं. पानाची पार सुरळी झाली होती. खालची पानं तर वाळून करकरीत झाली होती.

"मेली की गं ही. कणीस कुटनं येणार आता?"

"मेली न्हाय, मिटलीया," त्याची आई बजाबाई म्हणाली. "पाणी न्हाय म्हटल्यावर उन्हात पान पसरून कसं चालंल? अंग चोरून उभी ऱ्हाती बिचारी. खालची पानं वाळू देती, वरच्याला जगवती. पहाटं बघ, सुरळी सुटती. सुटली म्हंजी मुळाला अजून वल हाय."

पण पहाट बघणार कोण? अभिमन्यूची शेती म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. चिंचोळी एमआयडीसीत नोकरी. रविवारी भर दुपारी मोटारसायकलवरून मंगळवेढ्याकडच्या या रानात यायचं, आईच्या हातचं जेवायचं आणि ऊन कलायच्या आत निघायचं. यंदाची ज्वारी त्यानं पाहिली ती मिटलेलीच. आई मात्र दर रविवारी फुललेली. आठवड्याचं सगळं बोलणं त्या एका जेवणावर वाढायची.

"अकलूजच्या गोठ्यांना चारा पायजे. हिरवी हाय तवर कापून देऊ. टेम्पोवाला धुळा उद्या सकाळी गाडी घेऊन येतोय," तो म्हणाला. "आन् तू चल माझ्याकडं. हितं एकटी काय करतीस?"

"एकटी कुटं? ही हाय की एवढी!" बजाबाईनं रानावरून हात फिरवला आणि खळखळून हसली. अभिमन्यूला बरं वाटलं.

मग ती हळूच म्हणाली, "ऱ्हा की येक रात. पहाटं डोळ्यानं बघ, मग खुशाल काप म्हण."

"पहिली शिफ्ट हाय गं. असं कर, सकाळी फोटो टाक. पान उघडलेलं दिसलं तर धुळाला नको म्हणून सांगतो. पर लवकर टाक. गेटवर फोन जमा करावा लागतोय."

हितं दाब, मग हितं दाब, असं त्यानं दोनदा शिकवलं. तिनं शहाण्या पोरीसारखी मान हलवली. एरवी तो फोन एकाच कामाचा. लेकानं व्हिडिओ कॉल केला की समोर धरायचा.

दुसऱ्या दिवशी अभिमन्यू गेटच्या रांगेत असताना फोटो आला.

ज्वारी नव्हतीच त्यात. कॅमेरा व्हिडिओ कॉलसारखा आईकडेच तोंड करून राहिला होता, आणि तिनं पानासमोर फोन धरून बटण दाबलं होतं. डोळ्यांवर चष्मा नव्हता, त्यामुळे पडद्यावर काय आहे ते तिला दिसलंच नसणार.

चेहरा ओढलेला. ओठ घट्ट मिटलेले. डोळे खोल गेलेले. आपल्याकडे कुणी बघतंय हे ठाऊक नसलेला चेहरा. ही आपली आई, हे कळायला त्याला एक क्षण लागला. त्यानं फोटो बोटांनी मोठा केला. कानामागं एका पानाचं टोक तेवढं आलं होतं. उघडलेलं की मिटलेलं, काही कळत नव्हतं.

फोन वाजला.

"दिसली का रं? उघडलीया न्हवं?" आवाज रविवारचाच, हसरा.

"व्हय आई," तो म्हणाला. "दिसलं."

त्यानं धुळाला गाडी आणू नको म्हणून सांगितलं. रांग पुढे सरकली. वॉचमननं फोनसाठी हात पुढे केला.

अभिमन्यू रांगेतून बाजूला झाला. मोटारसायकल त्यानं मंगळवेढ्याच्या रस्त्याला लावली. दुपार व्हायच्या आत पोचायचं होतं.