गव्हाचे तीन दाणे

“डोळा बरा झालाय माझा, मावशी! धडधाकट बाईनं सुया टोचून घ्यायच्या म्हणजे काय थट्टा आहे?” गावीना दारातूनच कडाडली.

आस्सुंता मावशी अख्ख्या गावाची दृष्ट काढायची. गव्हाचे तीन दाणे पाण्यात टाकायची. दाण्यांना बुडबुडे धरले की दृष्ट लागलेली, दाणे गुमान तळाशी बसले की माणूस सुटला. पैसा घ्यायचा नाही आणि आभारही मानायचे नाहीत. आभार मानले की दृष्ट परत फिरते, हे आमच्या सामुगेओ गावात शेंबडं पोरही जाणतं.

गावीना विणकरीण. ऐन जत्रेच्या तोंडावर तिला लाल लोकर विटकी दिसायला लागली. तिनं रंगारणीशी कचाकचा भांडण केलं, लोकरीचे गुंडे तिच्या अंगावर फेकले. मग सहज उजवा डोळा झाकला, आणि डाव्यानं काही धड दिसेचना. कालियारी शहरातल्या डॉक्टरणीनं मेंदूचा एमआरआय केला. त्यात चार पांढरे डाग. मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जातंतू कुरतडणारा आजार. आमच्या सार्डिनिया बेटावर हा घरोघरी, त्याचं नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. “औषधाच्या सुया आत्ताच सुरू करा,” डॉक्टरीण म्हणाली. “डाग थोडे आहेत तोवरच. वाढले की हात, पाय, काहीही जाऊ शकतं.” पण महिन्याभरात लाल पुन्हा लालभडक दिसायला लागलं, आणि बाईसाहेबांचा ताठाही परत आला.

“तू एकदा दाणे टाक. सुटलीस म्हण, की मी मागावर बसायला मोकळी!”

मावशीनं खिडकीकडं पाहिलं. तिथं चाकाच्या खुर्चीत तिची धाकटी बहीण ग्रेका शेंगा सोलत होती. मग मावशी आत गेली. एरवी ती समोरच्या घागरीतलंच पाणी घ्यायची, आज ग्लास आतूनच भरून आणला. एरवी प्रार्थना ओठांतल्या ओठांत, आज पार घसा फोडून. दाणे पडले आणि अगंबाई! बुडबुड्यांनी नुसते मढले. वर आले, बुडाले, पुन्हा वर आले.

“एवढी जबर दृष्ट जन्मात पाहिली नाही,” मावशी म्हणाली. “माझ्या एकटीच्यानं निघायची नाही ही. मुकाट्यानं सुया घे. एक जरी चुकवलीस तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस.”

दीड वर्षात गावीनानं एक सुई चुकवली नाही. कधी ताप यायचा, अंग मोडून यायचं. ती शिव्या घालायची आणि टोचून घ्यायची. परवा नवा एमआरआय झाला. डाग चारच! पाचवा नाही! ती धावतच मावशीकडं आली, टेबलावर मेंढीच्या चीजचा भलाथोरला गड्डा ठेवला, मावशीचे पटापट मुके घेतले आणि ओठ घट्ट मिटून उभी राहिली.

“आभार मान की गं,” ग्रेका खिडकीपासून म्हणाली.

“वा! म्हणजे दृष्ट परत फिरायला मोकळी!”

“कसली दृष्ट, बाई? ग्लासात सोडा होता!” ग्रेका हसता हसता खुर्चीतून पडायची राहिली.

गावीना गर्रकन मावशीकडं वळली. चिडावं की हसावं, तिला कळेना. मावशी खाली वाकून बहिणीच्या गुडघ्यांवरची शाल सारखी करत होती.

“हिचाही डोळा असाच आपोआप बरा झाला होता,” ती म्हणाली. “तेव्हा मी साधं पाणी घेतलं होतं.”