पाचच्या आत

मावशीचं सहावं पत्रही गेलं नाही. ‘पाठवता आले नाही’ अशी तांबडी ओळ पडद्यावर उमटली. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पाचच्या बोटीनं छापखान्याचे मालक मुलाकडे निघणार होते. कायमचे.

त्यांची मेल काल आली होती. तुम्ही एकट्या, मीही एकटा. उरलेली वर्षं एकत्र काढू या का? होकार असेल तर बोट सुटायच्या आत कळवा, तिकीट रद्द करतो. आणि फोन नको, लेखीच कळवा. तोंडी दुरुस्ती आपल्याकडे चालत नाही. तीस वर्षं त्यांच्या छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या मावशीनंच हा नियम केला होता. आता बोलणार कोणत्या तोंडानं?

चार दिवस भाचीकडे राहायला आलेली ती, भाचीच्या ऑफिसात कोपऱ्यातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. दुसरी कुणी असती तर तेच पत्र पुन्हा पाठवती. पण मजकूर अडला म्हणजे त्यात चूक असणारच, ही मावशीची जन्माची खोड. दर वेळी तिनं नवं पत्र लिहिलं. पहिल्यात ‘आपला प्रस्ताव विचारार्ह आहे’ असं होतं. तिसऱ्यात दुपारी खुर्चीत बसून घोरण्याबद्दल दोन अटी होत्या. पाचव्यात तर, तुमची पावलं वाजली की माझ्या नजरेतून चुका निसटायच्या, हेही कबूल करून टाकलं होतं. सातव्यात तिनं फक्त ‘हो’ लिहिलं. तेही जाईना.

शेवटी लाज गुंडाळून ठेवून तिनं भाचीला हाक मारली. इथलं सगळं नेटवर्क भाचीच सांभाळायची. तिनं एका नजरेत दुखणं ओळखलं.

“अगं, पत्रात काही चूक नाही. तुझी मेल पंचवीस नंबरच्या पोर्टनं बाहेर पडायला बघतेय. फालतू मेल जाऊ नयेत म्हणून ती वाट इथे बंद केलीय.”

“कुठल्या शहाण्यानं?”

“मीच!” भाची हसली. “थांब, पाचशे सत्त्याऐंशी टाकते. तिथे पासवर्ड दाखवून जाता येतं. हं, गेली बघ सगळी.”

“सगळी?”

“सातही. रांगेत उभी होती बिचारी.”

मावशीनं कपाळाला हात लावला. तीस वर्षांत तिच्या हातून एक कच्चं मुद्रित बाहेर गेलं नव्हतं. आज सहा गेली, तीही एका दमात. लाजेनं तिचे कान तापले आणि तरी हसू काही केल्या आवरेना.

पाचला वीस मिनिटं असताना उत्तर आलं. भाचीनंच ते मोठ्यानं वाचलं.

“सातही वाचली, एकही दुरुस्त करू नका. मुदत दिल्याशिवाय तुमच्या हातून मजकूर सुटत नाही, म्हणून तीस वर्षं तुम्हाला खोट्या तारखा सांगत आलो. तिकीट मी काढलंच नव्हतं.”